संस्थानाच्या प्रश्नावर आमचं घर

कल्याणात आमची मिठाची वखार होती. बंदरावर पडाव, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्या, लागले की गोणी बैलगाडीतून वखारीत यायच्या आणि तिथून वडिलांच्या लॉरीने आत, डोंगराकडे जायच्या. मिठाबरोबर घासलेटचे डबे असायचे आणि थोडं जाडंभरडं कापड. आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक संस्थान. लॉरीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, जंगल आणि भातखाचरं यांच्या मध्ये वसलेलं. त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या राजघराण्यातली माणसं अजून आहेत आणि त्यांच्याशी आमचं काही वाकडं नाही.

त्या संस्थानात माझी आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. सरकारी म्हणजे राजेसाहेबांच्या सरकारचा. ती वडिलांपेक्षा मोठी. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, तेव्हा आजोबांनी कुणाचं न ऐकता तिला मुंबईला नर्सिंग शिकायला पाठवलं. शिकून झाल्यावर मुंबईतच नोकरी मिळत होती. पण संस्थानात बाळंतपणात बायका फार मरतात, तिथे कुणी शिकलेली बाई हवी आहे, असं वडिलांनीच तिला कळवलं. त्यांचं तिथे जाणंयेणं होतं. ती गेली आणि तिथलीच झाली. दिवाळीला नाहीतर कुणाच्या लग्नाला तेवढी कल्याणला यायची. उंच, काटक, पायात पुरुषी वहाणा. माझी आई तिला वन्सं म्हणायची आणि जराशी घाबरायची. मी मात्र तिच्यावर जीव टाकायचे. मी पुढे शिकावं म्हणून वडिलांशी भांडली होती ती. स्वातंत्र्य आलं त्या वर्षी मी मुलींच्या प्राथमिक शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते, ते तिच्यामुळे.

स्वातंत्र्याच्या वेळी राजेसाहेबांनी दिल्लीच्या कागदावर सही केली होती, पण ती फक्त सैन्य, परराष्ट्र आणि दळणवळण एवढ्यापुरती. बाकी राज्य त्यांचं त्यांच्याकडे. कोर्ट त्यांचं, पोलीस त्यांचे, जकात त्यांची, आणि सरहद्दीवर आडवा वासा टाकलेला नाका. त्या हिवाळ्यात प्रश्न आला की पुढे काय. दिल्लीचं म्हणणं होतं, पूर्ण विलीन व्हा. दरबारात दुसराच विचार चालला होता. राज्य आपल्याकडे ठेवायचं आणि मुंबई सरकारशी व्यापाराचा पक्का करार करायचा. मीठ, घासलेट, कापड इकडून तिकडे जावं, तांदूळ, लाकूड, हिरडा तिकडून इकडे यावा. दोन देश एकमेकांशी व्यवहार करतात, तसा.

हा विचार आमच्या ओटीवर आला तो संस्थानच्या कारभाऱ्यांबरोबर. गृहस्थ शिकलेले, बोलण्यात मऊ. आईने केलेला चहा त्यांनी बशीत न ओतता घेतला म्हणून ती नंतर बराच वेळ कौतुक करत होती. त्यांनी वडिलांना सांगितलं की कल्याणच्या व्यापाऱ्यांनी मिळून सरकारला एक निवेदन द्यावं. संस्थानाशी आमचा व्यापार सुरळीत चालला आहे, तो असाच चालू राहावा, विलीनीकरणाची गरज दिसत नाही, असा त्याचा मतलब. करार झाला तर मीठ आणि घासलेट पुरवण्याचं काम एकट्या आमच्या वखारीकडे राहील, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

वडिलांना हे पटलं, आणि ते नुसतं फायद्यापोटी पटलं असं मी म्हणणार नाही. कारभारी गेल्यावर ते आईला आणि मला समजावून सांगत होते. त्यांनी ते राज्य जवळून पाहिलं होतं. तिथला कुळवाडी चालत वाड्यावर जाऊन राजेसाहेबांच्या पायरीवर बसू शकत होता. उद्या विलीन झालं की त्याला ठाण्याच्या कचेरीत जावं लागेल, आणि तिथे त्याला कोण विचारणार? एवढ्याशा मुलखाने एवढ्या मोठ्या देशात जाणं म्हणजे खाडीत तांब्याभर पाणी ओतणं, असं ते म्हणाले. व्यापार ठेवावा, शेजार ठेवावा, घर मात्र आपलं वेगळं असावं. मला त्यात खोट दिसली नाही. शाळेत एका सहकारी बाईंशी बोलताना मी तेच मुद्दे माझे म्हणून मांडले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आत्या अचानक कल्याणला आली. आली ती आमच्याकडे नव्हे, सरळ इस्पितळात. एका पाड्यावरची पहिलटकरीण अडली होती. मूल आडवं होतं आणि ते आपल्या हातचं काम नाही हे ओळखून आत्याने तिला बैलगाडीत घातलं आणि कल्याणचा रस्ता धरला. नाक्यावर गाडी अडवली. विलीनीकरण मागणारे प्रजेचे पुढारी इकडून तिकडे फिरतात म्हणून कारभाऱ्यांनी हुकूम काढला होता की आपल्या चिठ्ठीशिवाय माणूस सोडायचा नाही. नाकेदार आत्याला ओळखत होता. त्याच्या बायकोचं बाळंतपण तिनेच केलं होतं. तो रडकुंडीला आला, पण वासा उचलेना. त्याने चिठ्ठीसाठी सायकलवाला पाठवला. तो येईपर्यंत गाडी उन्हात उभी राहिली. तेवढ्यात मीठ टाकून परत निघालेली आमच्या वखारीची लॉरी आली. तिच्यासाठी वासा उचलला गेला. ड्रायव्हर चांगला माणूस होता. बाईला लॉरीत घेऊ का म्हणून त्याने विचारलं. नाकेदाराने परवाना वाचून दाखवला. त्यात माल, ड्रायव्हर आणि क्लीनर एवढंच लिहिलं होतं. चिठ्ठी आली तेव्हाच गाडी सुटली.

बाई वाचली. मूल गेलं.

संध्याकाळी आत्या घरी आली तेव्हा तिने हे सगळं अगदी सावकाश सांगितलं, पेशंटची हकीगत डॉक्टरांना सांगावी तसं. आईने डोळ्यांना पदर लावला. मग आत्या वडिलांना म्हणाली, "तुझी लॉरी सुटली रे. बाई अडकली."

"माझ्या माणसाने तिला घ्यायला हवं होतं," वडील म्हणाले.

"त्याने विचारलं. परवान्यात माल लिहिलाय. बाई म्हणजे माल नव्हे."

वडिलांनी तोडगा काढला. व्यापाऱ्याचं डोकं, ते तोडग्याकडेच जातं. करारातच एक कलम घालायला सांगू, आजारी माणसाला नाक्यावर अडवायचं नाही. कारभारी ऐकतील. आत्याने मान डोलावली, म्हणजे घाल की. मग तिने विचारलं, इथल्या हायस्कुलात येऊ बघणाऱ्या मुलाचं कलम घालशील का? रेल्वेत काम शोधायला निघालेल्या माणसाचं? सासरी नांदवत नाहीत म्हणून माहेरी पळून येणाऱ्या पोरीचं? वडील म्हणाले, सगळं एकदम होत नाही, हळूहळू होईल.

"करार दोन मालकांत होतो," आत्या म्हणाली. "राजेसाहेब आणि मुंबई सरकार. आमची माणसं त्यात कुठेच नाहीत. त्यांच्यासाठी कुणी कलम मागितलं तर मिळेल, नाही मागितलं तर नाही."

वडील चिडले. ते चिडले की आवाज खाली जायचा. त्यांनी तिला सांगितलं की तुझा दवाखाना राजेसाहेबांनी बांधला. औषधं त्यांच्या खासगीतून येतात. विलीनीकरण झालं की नाका जाईल हे खरं, पण त्याच्याबरोबर तुझा दवाखानाही जाईल. ठाण्यात बसलेल्या साहेबाला तुझं गाव नकाशावर शोधावं लागेल.

"जाईल कदाचित," आत्या म्हणाली. "तेव्हा भांडू."

आणि ती उठून हातपाय धुवायला गेली.

त्या आठवड्यात निवेदनासाठी व्यापाऱ्यांची बैठक एका धर्मशाळेत भरली. आत्याने वडिलांना सांगून टाकलं होतं की मी येणार आणि बोलणार. वडील नको म्हणाले नाहीत, पण बरोबरही निघाले नाहीत. ते पुढे गेले. आम्ही दोघी मागून गेलो. बायका म्हणून आम्हीच. आधी बाहेरच्या ओसरीवर बसवलं, मग कुणीतरी ओळखलं आणि आत सतरंजीच्या कडेला जागा केली. निवेदन वाचून झालं. भाषा छान होती. त्यात शांतता, सलोखा आणि परस्परांचा फायदा हे शब्द पुष्कळ वेळा आले होते.

आत्याने नाक्याची हकीगत सांगितली. लॉरी कुणाची होती ते सांगितलं नाही. धर्मशाळेत सगळ्यांनाच ते ठाऊक असणार. मग म्हणाली की तुमचा व्यापार चालावा असं मलाही वाटतं, मीठ मलाही लागतं, पण तुम्ही ज्यांना मीठ विकता त्यांना एकदा तरी विचारलंत का की त्यांना काय हवंय?

एका वयस्क व्यापाऱ्याने तिला सरळ प्रश्न केला. विलीन झाल्यावर इकडचे कर तिकडे लागतील. तुमच्या गरीब माणसाला मीठ स्वस्त मिळेल की महाग?

"मला ठाऊक नाही," आत्या म्हणाली.

बैठकीत हशा झाला. ती थांबली आणि हशा ओसरल्यावर तिने पुढचं सांगितलं. महाग मिळालं तर ती माणसं ओरडतील. ज्यांना मतं दिली त्यांच्या दारात जाऊन ओरडतील. आज ओरडायचं झालं तर फक्त विनवणी करता येते, आणि विनवणी ऐकायची की नाही हे समोरच्याच्या मनावर.

तिने फारशी मनं वळवली असं झालं नाही. बहुतेकांनी सह्या केल्या. कागद फिरत वडिलांकडे आला. त्यांनी टाक उचलला, शाईत बुडवला, आणि बराच वेळ तसाच धरून बसले. मग टाक खाली ठेवला आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवून म्हणाले, मी उद्या सांगतो. ते उद्या सांगणं कधीच झालं नाही. पुढच्या आठवड्यात कळलं की संस्थानाचं मिठाचं काम दुसऱ्या वखारीकडे गेलं. त्याबद्दल वडील आत्याला एक अक्षर बोलले नाहीत. पण विलीनीकरण चांगलं असंही ते म्हणाले नाहीत. नाक्यावर माझी लॉरी होती, म्हणून सही केली नाही, एवढंच ते आईला म्हणाले.

आत्या परत निघाली तेव्हा मी शाळेतून रजा काढली आणि तिच्याबरोबर गेले. मला तिला एकटीला सोडवेना. आणि खरं सांगायचं तर मला ते सगळं डोळ्यांनी बघायचं होतं. दवाखाना म्हणजे कौलारू लांबट इमारत होती, पुढे पडवी, पडवीत बाकं. भिंती चुन्याने पांढऱ्या केलेल्या, कपाटात बाटल्या ओळीने. राजेसाहेबांनी खरंच मन लावून उभा केलेला दवाखाना होता तो. आम्ही पोचलो त्याच दिवशी कारभाऱ्यांचा निरोप आला. दरबारच्या नोकराने दरबाराविरुद्ध कल्याणात भाषण करावं हे योग्य नाही, बाईंनी एकतर गप्प बसावं नाहीतर किल्ल्या द्याव्यात.

आत्याने कपाटाच्या किल्ल्या काढून कमरेला खोचल्या आणि म्हणाली, ज्यांनी दिल्या त्यांनाच देते. राजेसाहेबांची भेट मागितली. मागितली की मिळायची, वडिलांनी त्या राज्याबद्दल सांगितलं होतं ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाड्यावर गेलो. राजेसाहेब चाळिशीचे असतील. साधा सदरा, धोतर, डोळ्यांवर चष्मा. एखाद्या हायस्कुलाचे हेडमास्तर वाटावेत असे. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि त्या पाड्यावरच्या बाईची चौकशी केली. नाक्यावरचं त्यांना कळलं होतं आणि त्याचं वाईटही वाटलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आजाऱ्याला अडवू नये असा हुकूम त्यांनी त्याच दिवशी दिला होता. मग ते म्हणाले, "बाई, आम्ही तुम्हा लोकांना काय कमी केलं?"

आत्याने किल्ल्या त्यांच्यापुढे टेबलावर ठेवल्या.

"काही कमी केलं नाहीत महाराज. तुम्ही खूप दिलंत. पण दिलंत म्हणून मिळालं. माझ्या बायकांना हक्काने मागता यायला हवं."

राजेसाहेबांनी तिला दोष दिला नाही आणि होकारही दिला नाही. मोठ्या देशात गेल्यावर तुमच्या बायकांचं मागणं कुणाला ऐकू तरी जाईल का, असं त्यांनी विचारलं. वडिलांचाच प्रश्न. आत्या म्हणाली की एकटीचं जाणार नाही, पुष्कळजणी मिळून मागू. राजेसाहेबांनी किल्ल्या उचलून तिला परत दिल्या आणि जोवर दवाखाना आमचा आहे तोवर त्या तुमच्याकडेच राहतील असं सांगितलं. बाहेर पडताना आत्या मला म्हणाली, चांगला माणूस आहे गं, म्हणूनच बोलायला जड जातं.

काही आठवड्यांनी राजेसाहेबांनी विलीनीकरणावर सही केली. ती आत्यामुळे केली असं कुणी समजू नये. आजूबाजूची सगळीच संस्थानं सह्या करत होती. आणि व्यापाऱ्यांच्या निवेदनाचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. मी त्या दिवशी तिथे नव्हते, पण आत्याने सांगितलं की नाक्याचा वासा काढून नाकेदाराने तो स्वतःच्या गोठ्याला लावला. लोक सरहद्दीपलीकडे जात, थोडं थांबत आणि उगीचच परत येत.

पुढे वडिलांचं म्हणणं खरं ठरलं.

दवाखाना संस्थानचा होता आणि संस्थान राहिलं नव्हतं. औषधं येणं बंद झालं. आत्याची नोकरी कोणत्या खात्यात बसते हे कुणालाच सांगता येईना. ठाण्यातल्या एका कचेरीतून उत्तर आलं की तालुक्याच्या गावी दवाखाना आहे, रुग्णांनी तिकडे जावं. तालुक्याचं गाव दोन नद्यांपलीकडे. पावसाळ्यात तिथे जाता येत नसे. आत्या मिळेल तेवढ्यात दवाखाना चालवत राहिली. आम्ही कल्याणातून टिंक्चर, कापूस, कुनैन पाठवायचो. वडील स्वतः खोकी बांधायचे आणि बांधताना म्हणायचे, मी सांगितलं होतं. आत्या म्हणायची, सांगितलं होतंस, खरं आहे.

ती ठाण्याला खेपा घालू लागली. मधल्या काळात माझं लग्न झालं आणि मी डोंबिवलीत राहायला आले. तेव्हा डोंबिवली म्हणजे खेडंच. स्टेशनाभोवती थोडी घरं, बाकी भाताची शेतं, विहिरीवरून पाणी. आत्या आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला यायची आणि सकाळी ठाण्याला जायची. साहेब दौऱ्यावर असायचे, नाहीतर बदलून गेलेले. नव्या साहेबांना ती पहिल्यापासून सगळं सांगायची. एकदा मी वैतागून म्हणाले की आत्या, राजेसाहेब असते तर एका दिवसात झालं असतं. ती जेवत होती. ती म्हणाली, "झालं असतं. आणि त्यांच्या मुलाने बंद केलं असतं तर काय करणार होतीस?"

पहिल्या निवडणुकीच्या आधी ती पाड्यापाड्यांवर फिरून बायकांची नावं यादीत घालत होती. कित्येकजणी स्वतःचं नाव सांगायला लाजायच्या, अमक्याची बायको एवढंच लिहा म्हणायच्या. आत्या तिथेच ठाण मांडून बसायची. नाव सांग, नाहीतर मी उठत नाही. मतदानाच्या दिवशी जुन्या दरबारी शाळेपुढे बायकांची रांग लागली होती. ती नाक्यावर अडलेली बाईही त्यात होती, कडेवर दुसरं मूल घेऊन. उमेदवार मतं मागायला आले तेव्हा बायकांनी त्यांना दवाखान्याच्या पडवीत बसवून रिकामं कपाट दाखवलं होतं.

तरीसुद्धा दवाखाना सुरू झाला नाही. निवडून आलेले गृहस्थ भेटायचे, मान डोलवायचे. शेवटी आत्याने ठरवलं की आता मी एकटी जाणार नाही. ती वखारीत गेली आणि वडिलांकडे लॉरी मागितली. कशाला म्हणून त्यांनी विचारलं. माणसं न्यायची आहेत ठाण्याला, तिने सांगितलं. वडिलांनी ड्रायव्हरला बोलावलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, अंगात कोट चढवून स्वतःच पुढे बसले.

त्या दिवशी मीही डोंबिवलीहून ठाण्याला जाऊन त्यांना मिळाले. मिठाच्या लॉरीतून तिसेक माणसं उतरली, निम्म्याहून जास्त बायका. कपड्यांना मिठाची पांढरी पूड लागली होती. कचेरीच्या व्हरांड्यात ती सगळी शिस्तीत बसली. शिपायाने उठवायचा प्रयत्न केला, कुणी उठलं नाही. साहेब तरुण होते, नुकतेच आलेले. त्यांनी सगळ्यांना नको, एकाला आत पाठवा म्हटलं. आत्या वडिलांकडे वळून म्हणाली, तू जा. तुला त्यांची भाषा येते.

वडील आत गेले. दार उघडंच होतं, आम्हाला ऐकू येत होतं. मला वाटलं ते विनंती करतील, व्यापारी माणूस, गोड बोलतील. ते खुर्चीवर न बसता उभे राहिले.

"साहेब, हा मुलूख तुमच्यात यायला नको असं म्हणणाऱ्यांतला मी एक," ते म्हणाले. "माझं म्हणणं खरं होतं असं ही माणसं घरी जाऊन म्हणणार असतील, तर त्याला तुम्ही जबाबदार."

साहेब हसले नाहीत. त्यांनी फाइल मागवली, ती सापडेना, तेव्हा सगळ्यांसमोर नवी करायला लावली. पाहणीला स्वतः येतो म्हणाले आणि खरोखर आले. पुढच्या वर्षी दवाखाना जिल्ह्याच्या यादीत आला. डॉक्टर मिळाला, औषधं येऊ लागली. आत्याची जुनी नोकरी मात्र धरली नाही. तिला नव्याने, कमी हुद्द्यावर घेतलं. तिने ते मनाला लावून घेतलं नाही असं मी म्हणणार नाही.

पन्नासचं दशक सरत आलं असताना डोंबिवलीत आमच्या वाचनालयात एका प्राध्यापकांचं व्याख्यान झालं. युरोपातले काही देश एकत्र येऊन एक बाजारपेठ करत होते. पुढेमागे त्यांचं एक राज्यही होईल असं काहीजणांना वाटत होतं. इंग्लंडला मात्र आत जायचं नव्हतं, नुसता व्यापार हवा होता. आत्या माझ्याकडे आली होती. वडीलही आले होते. दोघांनाही घेऊन मी गेले. प्राध्यापकांनी दोन्ही बाजू नीट मांडल्या. बाहेर राहिलं तर आपला कायदा आपल्या हातात, पण बाजाराचे नियम दुसरे ठरवणार. आत गेलं तर नियम ठरवताना आपणही असणार, पण प्रत्येक वेळी आपलंच चालेल असं नाही. आत्या मन लावून ऐकत होती. वडील मध्येच माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते, म्हणजे बघ, इंग्रज माझ्यासारखाच विचार करतो.

परत येताना रस्त्यात दोघांची जुंपली. वडील म्हणाले की इंग्लंडचं बरोबर आहे. त्यांच्याकडे सगळं आहे, ते कशाला दुसऱ्याच्या घरात शिरतील. आत्या म्हणाली, असेल बरोबर. तिथल्या बायकांना विचारलं पाहिजे, मी कशी सांगू.

"म्हणजे तू तेव्हा चुकलीस असं म्हणतेस?" वडिलांनी विचारलं.

"नाही. आमचं वेगळं होतं. आमच्या बाजूला हक्काने मागणारं कुणी नव्हतंच. ते तयार व्हायला आत जावं लागलं." थोडं चालून ती म्हणाली, "आणि तूही चुकला नव्हतास. तू म्हणालास तसंच झालं, सगळं. फक्त झाल्यावर आपण घरी बसलो नाही."

वडील चिखलात तिचा पाय घसरू नये म्हणून तिच्या कोपराला हात लावून चालत राहिले. घरी आल्यावर मी भात टाकला. आत्याने पिशवीतून चष्मा काढला आणि सकाळच्या गाडीची वेळ विचारली. तिला ठाण्याला जायचं होतं. दवाखान्यात कंपाउंडरची जागा अजून रिकामी होती.